नावाच्या जागी चेहरा

मी एटापल्लीला नोकरीला होतो तेव्हा पावसाळ्यात इंटरनेट चार-चार दिवस बंद असायचं आणि त्यावर साठवलेले घरचे व्हिडिओ बघता यायचे नाहीत. म्हणून एकदा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी बोलावलं. त्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मोठी हार्ड डिस्क बसवली आणि आमचे सगळे व्हिडिओ तिच्यात भरले. इंटरनेट नसलं तरी घरातल्या वायफायवरूनच ते टीव्हीवर दिसू लागले.

तो फार बोलत नव्हता. काढलेला प्रत्येक स्क्रू शर्टाला पुसून खिशात ठेवायचा.

त्या व्हिडिओंत माझ्या बहिणीचं लग्न होतं. त्यात बाबा होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आई मला रोज तेच लग्न लावायला सांगायची. त्या दिवशी त्याच्यासमोरही तिने सांगितलं.

"बाई, तुम्ही काऊन नाई लावत?" त्याने विचारलं.

"मले वाचता येत नाई," आई म्हणाली.

लग्नात बाबा भात वाढत होते, तिथे त्याने चित्र थांबवलं. मग टीव्हीवरच्या यादीत लग्नाच्या नावाच्या जागी बाबांचा चेहरा लावला आणि रिमोट आईच्या हातात दिला.

"नाव कायले वाचाचं? माणूस तं ओळखू येते ना?"

आईने बटण दाबलं. "अजून घ्या ना थोडा," बाबांचा आवाज खोलीत आला. सामान आवरता आवरता तो थांबला.

"माह्या बाबाचा आवाज मले आठवतच नाई," तो म्हणाला.

आईने सरकून त्याला सतरंजीवर जागा करून दिली. बहिणीची पाठवणी होईपर्यंत तो बसला. लग्नाला यायचं राहून गेलेल्या पाहुण्याला सांगावं, तशी आई त्याला एकेका माणसाची ओळख करून देत होती.