मोजणी आणि हरकत यांची जाग

घणसोली गावातल्या सितारामने आपल्या दोन कुत्र्यांची नावं मोजणी आणि हरकत अशी ठेवली होती. खाडीकाठच्या त्याच्या शेवटच्या शेताची सरकारी मोजणी झाली, त्या दिवशी बांधावर ही दोन पिल्लं सापडली. एकीचं नाव तिथेच पडलं. दुसरीचं, त्याने हरकतीचा अर्ज दिला तेव्हा. अर्जाचं पुढे काही झालं नाही. पिल्लं वाढली.

तीन वर्षांनी, नव्वद साली, नव्या शहरासाठी शेत गेलं. आता पंच्याण्णव चाललं होतं, आणि सिताराम तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या काट्यांकडे बघत बसे. दर तासाला आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. पण काट्याकडे बघणाऱ्याचे डोळे उघडे लागतात. दोनदा त्याला डुलकी लागली. दुसऱ्यांदा साहेबांनी लेखी ताकीद दिली. तिसऱ्यांदा लागली तर घरी.

डुलकीचं कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. गेले दोन महिने, गावामागचं नवं गटार झाल्यापासून, दोघी त्याला रात्री उठवत. मोजणी चादर ओढी, हरकत दारावर पंजे घाशी, आणि तो उठून बसेपर्यंत दोघींचा कालवा चाले.

त्याने सगळं करून पाहिलं. झोपताना पोटभर भात आणि बोंबलांची डोकी घातली. संध्याकाळी नव्या सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यावर पळवून दमवलं, दमला तोच. बाहेर बांधून पाहिलं, तर वर भाड्याने राहणाऱ्या अब्दुल्लाची तान्ही नूरीन किंचाळत उठली.

"काका, माझी पोरगी आता भुंकायला शिकेल," अब्दुल्ला म्हणाला.

त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, शेवटी निकाल लावला. "अवो, शनवारी माजा भाऊ बंडू टेंपो घेऊन येतंय. नावड्याला त्याच्या आवारात र्‍हातील दोगी. भुंकू दे कारखान्यांवर."

"आनि मी?"

"तुमी झोपा. नोकरी टिकवा."

सितारामने कॅलेंडरवर शनिवार शोधला. कारखान्याची सवय हाताला लागली होती: जे थांबवता येत नाही ते लिहून ठेवायचं. गेले तीन आठवडे तो कुत्र्या उठवतील ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने टिपत होता.

गुरुवारी पहाटे सव्वादोनला मोजणीने चादर ओढली. सितारामने शिवी दिली, दिवा लावला, चौकोनात आकडा लिहिला. मग सहज मागचे चौकोन पाहिले. मंगळवारी पाऊण. बुधवारी दीड. आज सव्वादोन.

रोज पाऊण तास पुढे.

त्याची झोप उडाली. पेन्सिलीच्या आकड्याखाली तिथी छापलेली होती. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. बापाने लहानपणी बांधावर बसवून पाठ करून घेतलेला हिशेब त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता खाडीला पुरी भरती. एकाची पाऊणपट पाऊण. दोनाची दीड. तिनाची सव्वादोन! आणि अष्टमी-नवमीच्या चौकोनांत काहीच नव्हतं. बरोबर! तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी येते. तेव्हा सगळे जागेच असतात.

"यशोदे! अगं, या पान्याला उठतात!"

"कुठल्या पान्याला? नलाला पानी याला अजून येल हाय."

तो टॉर्च घेऊन मागच्या बाजूला धावला. दोघी त्याच्या पुढे. गटारात पाणी होतं, आणि ते उलटं वाहत होतं. खाडीकडून घराकडे. मोरीच्या तोंडाशी गुडगुड आवाज करत, शेवाळ उचलत, काळं, भरलेलं, सावकाश. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, शेताबरोबर खाडीही गेली. भराव पडला, रस्ता झाला, संपलं. पण पाण्याला कुणी नोटीस दिली नव्हती.

आणि कुत्र्या? शेत होतं तेव्हा तो भरतीच्या रात्री बांधावरच्या खोपीत झोपे. पाणी चढलं की दोघी त्याला उठवत. तो कंदील घेऊन बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली का ते बघून येई, आणि मग दोघींना भाकरीचा तुकडा देई. त्यानेच शिकवलं होतं. दोन महिने ज्या कामाबद्दल तो त्यांना शिव्या घालत होता, ते त्याचंच काम होतं.

मोजणी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. तुकड्यासाठी.

त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. उपाय त्याला उजाडायच्या आतच सुचला, कारण तोही बापाचाच होता. खाऱ्या शेताच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे पाण्याच्या वाटेवर वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. माणसाने हात लावायचा नाही.

शेतावरची झडप घरातच होती. यशोदाबाई तिच्यावर कपडे धूत होती.

"माजी फली!" ती ओरडली.

"माज्या बापाची उघाडी हाय ती!"

"पाच वर्सं साबन मी लावलाय तिला!"

साडेआठच्या ओहोटीला सिताराम गुडघाभर चिखलात उतरला. अब्दुल्ला आपल्या पंक्चरच्या दुकानातून जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन आला. "आमच्याकडे उरणला आजा असंच रबर लावायचा. फट राहत नाही," म्हणत तोही पँट वर करून उतरला. गटाराच्या खाडीकडच्या तोंडावर फळी टांगली. आतलं पाणी तिला हळूच उचलून बाहेर गेलं. दोघे पोरांसारखे ओरडले.

खरी परीक्षा रात्री होती. चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. शनिवारच्या टेंपोआधी आता दोनच रात्री हातात होत्या.

पावणेतीनपासून सिताराम अंथरुणात बसून होता. दोघी त्याच्या पायाशी. घड्याळाचा काटा बॉयलरच्या काट्यासारखा चढत होता. तीन वाजले. हरकतचा एक कान उभा राहिला. सिताराम ऐकू लागला. बाहेर कुठे गुडगुड नाही. खाडी तिकडे फळीला रेटत असणार, आणि फळी तिला अडवत. कान खाली पडला.

तीन वाजून पाच. दहा. मोजणी घोरत होती!

त्याला राहवेना. त्याने यशोदाबाईला हलवलं. "बघ! बघ ना! झोपल्यात!"

"काय झाला?"

"झोपल्यात गं! भरती भरली नि झोपल्यात!" शेवटचा शब्द कुजबुजीतून निसटून गेला आणि आळीभर घुमला. मोजणी दचकून उठली, हरकत दाराकडे झेपावली, आणि दोघींनी असा काही गोंधळ घातला की वर नूरीनने गळा काढला.

"काका!" वरून अब्दुल्ला ओरडला. "फळी पडली काय?"

"नाय रे! मीच उठवलं त्यांना!"

आधी नूरीनचं रडणं ऐकू आलं. मग अब्दुल्लाचं हसू.

यशोदाबाई उठली. टोपलीतली शिळी भाकरी तिने मोडली, एकेक तुकडा दोघींपुढे टाकला आणि पुन्हा आडवी झाली.

"बंडूला सकाली फोन करा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "टेंपो आन म्हनावं, पन या दोगींसाठी नाय. येताना एक फली घेऊन ये. माजी धुनी पडलीत."