कौसाच्या ओठावरची लव

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढेसुद्धा नाही, आणि तो तर कौसाचा सख्खा भाऊ. तुम्हाला सांगते आहे म्हणून मी तुम्हाला आवडावी असं काही नाही. नाहीच आवडणार.

कौसा माझी धाकटी नणंद. मी नगर शहरातली, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन कोपरगावजवळच्या खेड्यात आले, ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आधलं वर्ष. कौसाच्या ओठावर लव होती — लव कसली, मिशीच. हनुवटीवर चार राठ केस, हातांवर तर पुरुषासारखे. आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटायचं नाही! तोंड उघडं टाकून हसायची, बाह्या वर सारून उसात शिरायची. मला ते बघवत नसे. का बघवत नसे? माझ्या नवऱ्याच्या पाठीवर घोंगडीसारखे केस होते, त्याची मला कधी किळस आली नाही.

पहिल्यांदा उसात गेले, तेव्हा पाचटानं माझे हात ओरखडून निघाले. बायकांसमोर कौसा म्हणाली, "वैनी, तुजं अंग म्हंजी सोललेलं अंडं. देवानं केस उगा दिल्यात व्हय? पाचट टोचू नये म्हनून दिल्यात!" सगळ्या हसल्या. वाईट मनानं बोलली नव्हती ती. मला तेव्हाही कळलं होतं ते. पण मी लगेच म्हणाले, "मग तुला बघायला येतील तेव्हा न्हाव्यालाच बसवू शेजारी." आणखी मोठ्यानं हसल्या. कौसा हसली नाही. हात पदरात घेतला तिनं.

त्या दिवसापासून मी सोडलंच नाही. जेवताना तिच्या ओठाकडे बघायचं. आरसा तिच्यासमोर विसरल्यासारखा ठेवायचा. ज्या पोरीला लाज ठाऊक नव्हती, तिला मी ती शिकवली — रोज थोडी थोडी. चार महिन्यांत ती तोंडावर हात धरून बोलायला लागली. मग वैजापूरकडचं स्थळ बघायला येणार असं ठरलं, आणि ती आपणहून माझ्याकडे आली.

"वैनी, तू शिकलेली हाय. ह्येला कायतरी सांग की."

केस घालवायची पूड मीच कोपरगावातून आणली. पाण्यात कालवायची, लावायची, धुवायची — नगरच्या माझ्या मैत्रिणी वापरायच्या. डब्यात इंग्रजी कागद होता. कौसाला मराठीच कसंबसं वाचता यायचं. ती म्हणाली, "काय लिवलंय?"

कागदावर लिहिलं होतं, पाच मिनिटं. चेहऱ्यावर लावू नये, असंही लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

मी म्हणाले, "अर्धा तास."

चुकून नाही. घाईत नाही. वाचलं, समजलं, आणि अर्धा तास म्हणाले. मला काय हवं होतं? ते स्थळ चांगलं होतं, मला मिळालं त्याहून चांगलं घर — ते कारण होतं का? असेल. पण कारण नसतं तरी मी तेच म्हणाले असते, असं मला वाटतं.

परसात कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. मी उंबऱ्यावर बाजरी निवडत बसले. घड्याळ माझ्या मनगटावर होतं.

"वैनी, लई आग हुतीया गं."

"आग होते म्हणजे मुळं मरतायत. दम धर."

तिनं दम धरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात लावला नाही. मी सांगितलं होतं ना! धुतलं तेव्हा केसांबरोबर कातडीही निघाली. ओठावर, हनुवटीवर लालभडक मांस. सासूबाई किंचाळत आल्या, "कुनी केलं ह्ये?" कागद तोवर चुलीत घातला होता मी.

कौसाच बोलली. ओठ हलत नव्हते धड. "मीच जास्ती येळ ठिवली. वैनी म्हनत हुती धू, धू."

तिला तसं का बोलावंसं वाटलं? मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. मी मान हलवली — हो, मी म्हणत होते.

पाहुणे आले नाहीत. जखमा भरल्या, डाग राहिले — पांढुरके, ओढल्यासारखे. दोन वर्षांनी तिला पाथर्डीकडच्या एका बिजवराला दिली. कोरडवाहू गाव, दिवाळीनंतर सगळं घर उसतोडीला बाहेर. आमच्याच भागात कारखान्याच्या उसावर यायची ती, पाचटाच्या कोपीत राहायची, आणि मी डबा घेऊन गेले की पदराचं टोक दातांत धरून हसायची.

गेल्या वर्षी ती नातीला घेऊन आली होती. कॉलेजातली मुलगी, ओठावर तशीच लव. कौसा तिला म्हणाली, "मामीआजीला इचार. तिला ह्यातलं कळतं. माज्यासाटी लई धडपड केल्ती तिनं."

पोर माझ्याकडे बघत राहिली. मी तिला स्टँडजवळच्या ब्युटी पार्लरचा रस्ता सांगितला, आणि चहा ठेवायला आत गेले.