मादाम आर्लेतची अकरा अंडी

अंडी मी धुतली. चुकून नाही, अगदी मन लावून धुतली. कोमट पाणी, मऊ स्पंज आणि मादाम आर्लेतच्या ओट्याखाली सापडलेली पांढऱ्या व्हिनेगरची अख्खी बाटली. आमच्या घरात व्हिनेगरने साफ होत नाही असं काही नसतं. खिडक्या, किटली, नळ, एकदा तर आईने आजोबांचं युद्धातलं पदकही त्यात बुडवलं होतं. त्यामुळे चिखल-विष्ठा लागलेली अंडी तशीच उबवणीच्या यंत्रात ठेवणं मला अडाणीपणाचं वाटलं. पंचक्रोशीत बारावीच्या पुढे शिकलेले आमच्या घरातले आम्ही तिघंच.

पाणी तपकिरी झालं. मी मनात म्हटलं, बाप रे, केवढी घाण!

ती घाण नव्हती. तो रंग होता.

आमच्या दलदलीकडच्या कोंबड्यांची अंडी गडद असतात, भाजलेल्या चेस्टनटसारखी. अंडं बाहेर पडायच्या आधी कोंबडी त्यावर शेवटचा हात फिरवते. रंगही त्यातलाच आणि आतल्या जिवाचं चिलखतही त्यातलंच. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला नव्हतं, कारण आमच्या घरात अंडी दुकानातून येत.

मादाम आर्लेत म्हणजे आमच्या शाळेच्या खानावळीतल्या वाढपीण. मसूर नको म्हटलं की दोन डाव जास्त वाढायच्या. त्यांचा नवरा ओक्ताव कालव्याच्या झडपा सांभाळायचा, आणि उरलेल्या वेळात कोंबड्या. चाळीस वर्षं त्याने एकच वाण जपलं. अंड्यांच्या रंगाचा तक्ता त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असे, एक ते नऊ, फिकट ते गडद. त्याची अंडी आठच्या खाली कधी उतरली नाहीत.

"माझ्या वाढदिवसाला कोंबड्यांना मका जास्त मिळायचा," मादाम सांगायच्या. "मला काय? मला साफ करायला खुराडं."

दोन वर्षांपूर्वी ओक्ताव गेला. कोंबड्या विकून टाकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी एकही विकली नाही. त्याच्या वाणातला प्रत्येक कोंबडा आरवताना शेवटी अडखळायचा, खोकला आल्यासारखा. ओक्तावही सकाळी तसाच खोकायचा.

"त्या दाराआडून तेवढाच एक पुरुषाचा आवाज येतो आता," त्या एकदा म्हणाल्या, आणि लगेच, "हसतोस काय? दात दिसतायत तुझे."

मार्चच्या मध्याला खुराड्याची एक फळी कुजली आणि फुईन आत शिरली. मुंगसाएवढं जनावर, पण एकदा शिरलं की भुकेपुरतं मारत नाही. सकाळपर्यंत सहा कोंबड्या आणि कोंबडा, सगळे आडवे. मादाम लाकडी बुटांत धावल्या, चिखलात घसरल्या, मनगट मोडलं. मी शेजारी. त्यांना दवाखान्यात न्यायला बेकरीवाल्याची गाडी आली, तेव्हा गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "लोईक, फडताळात अकरा अंडी आहेत. आठवड्याची आहेत. यंत्रात ठेव. तेवढीच उरलीत रे."

परत आल्या तेव्हा अंडी यंत्रात होती. स्वच्छ, फिकट विटेच्या रंगाची. मी शाबासकीची वाट बघत उभा होतो.

त्यांनी प्लास्टरचा हात पोटाशी धरला, दुसऱ्या हाताने एक अंडं उचललं, अंगठा फिरवला. मग ओट्यावरच्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"सगळी?"

"सगळी, मादाम. दहावं जरा घाईत झालं, फोन आला म्हणून. अकराव्याची एकच बाजू."

"बरं," त्या म्हणाल्या. "माझी बाटली संपवलीस. नवीन आणून दे."

एवढंच. आजतागायत त्या प्रकरणावर त्या मला याहून जास्त बोललेल्या नाहीत. काय झालं ते मला बेकरीवाल्याने सांगितलं: रंगाबरोबर चिलखतही धुतलं गेलं, आता कवचातून रोग आत शिरणार. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानात माझं नाव व्हिनेगर पडलं. "काय व्हिनेगरसाहेब, एक पाव? धुऊन देऊ का?"

एका हाताने अंडी फिरवणं जमेना, म्हणून दिवसातून तीनदा मी जायचो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. फुली वर, गोल वर, फुली वर. यंत्रातलं पाणी भरायचं, आकडा बघायचा. त्या खुर्चीत बसून सूचना द्यायच्या. "हळू. मसूर वाढत नाहीयेस."

सातव्या दिवशी त्यांनी पडदे ओढायला सांगितलं. टॉर्चवर अंडं धरून आत बघायचं असतं. ओक्तावच्या अंड्यांत कधीच काही दिसलं नव्हतं, कवच इतकं गडद. चाळीस वर्षं तो एकविसाव्या दिवसापर्यंत आंधळेपणाने थांबायचा. पण मी रंग काढून टाकला होता.

दिसलं. लाल कोळिष्टक, आणि मध्ये एक ठिपका. ठिपका नाडीसारखा उडत होता.

"अगं बाई," मादाम म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढली. "हे त्याने कधी बघितलंच नाही."

अकरापैकी नवांत तो ठिपका होता. त्या दिवशी त्यांनी मला कालव्यातल्या ईल माशाचं कालवण वाढलं, आणि मी मूर्खासारखा खूश होऊन घरी गेलो.

दहाव्या दिवशी सात. बाराव्या दिवशी पाच. कोळिष्टक विरून जायचं आणि कवचाच्या आत एक लाल कडं उरायचं, ओल्या पेल्याचं टेबलावर उरतं तसं. अंड्यांना बारीक वास येऊ लागला. एक यंत्रातच फुटलं. ते पुसताना मी म्हटलं, "मादाम, रोज नका बघू."

"दिसतंय तर बघणार," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी त्याला विचारायचे, आत काय चाललंय? म्हणायचा, थांब. आता मी थांबू?"

अठराव्या दिवशी एकच उरलं. अकरावं, अर्धं गडद राहिलेलं. तेव्हापासून झाकण उघडायचं नसतं. आतली वाफ गेली की पापुद्रा पिल्लाला घट्ट चिकटतो.

एकविसाव्या दिवशी सकाळी नऊला कवचावर ताऱ्यासारखी भेग उमटली. आतून आवाज आला. मादामने यंत्राच्या काचेला कान लावला. ओक्तावचा जुना कोट त्यांनी अंगावर घेतला होता, थंडी नसताना.

"ये," त्या म्हणाल्या. "ये रे, घाई नाही. आम्ही आहोत."

दिवसभर तो बोलत होता. हा 'तो' माझा, कोंबडा की कोंबडी कोण जाणे. त्या त्याला उत्तर देत होत्या: कोण मेलं, पावाचा भाव काय, शेजारचा व्हिनेगर किती बावळट. तिसऱ्या प्रहरी आवाज अडखळायला लागला. मी झाकणाला हात घातला.

"हात काढ."

"पण मादाम, तो..."

"ओक्तावने कधी उघडलं नाही. हात काढ, लोईक."

पाचच्या सुमाराला आवाज थांबला. त्यांनी यंत्र बंद केलं नाही. आणखी तीन दिवस ते घुमत राहिलं आणि मी पाणी भरत राहिलो. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा वायर गुंडाळून ठेवली होती. खिडकीत रंगांचा तक्ता उभा होता. त्याच्यासमोर ते अंडं, आठ नंबरच्या चौकोनाला गडद बाजू लावून.

हे एप्रिलमध्ये झालं. आता सप्टेंबर आहे. मनगट जुळलंय, फळी मी नवीन ठोकून दिलीय, खुराडं रिकामं आहे. दुसरी अंडी आणू का म्हणून एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणाची?"

बाटली मात्र त्या मागतात. कुंपणावरून, हसून.

"व्हिनेगर, माझी बाटली?"

"आणतो, मादाम. उद्या."

बाटली मी मार्चमध्येच, त्याच आठवड्यात घेतली होती. माझ्या खिडकीत उभी आहे, झाकण अजून सीलबंद; दिली की कुंपणावरून मागायला काही उरणार नाही. त्यांचं दार माझ्या दारापासून चौदा पावलांवर आहे.