मोजल्याशिवाय नाही

त्या रविवारी जेवणं उरकून आम्ही दोघं तळघरात बसलो. मी प्रेसचा दांडा ओढायचा, बंदुकीची जाड गोळी डायच्या पोलादी भोकातून बारीक होऊन बाहेर पडायची आणि बायको ती मायक्रोमीटरमध्ये धरून मोजायची. बारा झाल्यावर म्हणाली, "जरा पडते. आठ राहिल्यात, त्या मी आल्यावरच."

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात घरटी एक बंदूक. मी मशीन शॉपमध्ये लेथवर होतो. चढावरच्या एका म्हाताऱ्याकडे बापाची जुनी रायफल होती. तिच्या मापाच्या गोळ्या दुकानात मिळेनात, मिळायच्या त्या जाड. काडतुसं तो घरी स्वतःच भरायचा. गोळ्या बारीक करायची डाय मी बनवली. माझी शाळा सातवीपर्यंत, पण लेथवर मला कुणी शिकवू नये, असा तोरा.

तो बायकोनं उतरवला. रायफलच्या नळीवर आकडा कोरलेला होता, त्याच मापाची मी डाय केली. ती म्हणाली, "कासार आकडा विचारतो का? हात बघतो, मग बांगडी चढवतो." मी खेकसलो, तुला काय कळतंय लोखंडातलं. दोन दिवसांनी मी मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढला आणि मोजला. नळी दोन थाऊ अरुंद निघाली. दोन थाऊ म्हणजे इंचाचे दोन हजारांश, केसाहून बारीक. पण तेवढ्यानंही गोळी अडली तर जुनी रायफल माणसाच्या तोंडापाशी फुटते. मी डाय बदलली. मग तिनं मोजल्याशिवाय एकही गोळी घराबाहेर गेली नाही, हे म्हाताऱ्यालाही ठाऊक.

अंडंसुद्धा न खाणारी बाई. मोजताना पुटपुटायची, "हरणा, पळ रे बाबा." मी विचारलं, मग एखादी वाकडीच करू का? तर डोळे वटारून म्हणाली, "म्हाताऱ्याचा नेम चुकू दे. आपलं काम नको चुकायला."

जन्म मशीनवर काढून माझी दहाही बोटं शाबूत आहेत, ती तिच्या टोकण्यामुळं. ती होती तेव्हा हे तोंडातून निघालं नाही. आता लिहितोय.

त्या रविवारी ती झोपलेली असताना म्हातारा गोळ्या न्यायला आला. सकाळी त्याला डोंगरात शिकारीला निघायचं होतं. एवढ्यासाठी तिला कशाला उठवायचं, म्हणून उरलेल्या आठ मी भराभर ओढल्या आणि न मोजताच सगळ्यांत मिसळून दिल्या. नंतर उठवायला गेलो. ती झोपेतच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एडिसन शहरातून आलेली मुलगी, जावई, माणसंच माणसं. कुणीतरी हातात चहा दिला आणि मला त्या आठ गोळ्या आठवल्या. फोनवरचं इंग्रजी मला कधी धड जमलं नाही. तसाच स्लिपरवर चढ चढून गेलो. म्हातारा रात्रीच काडतुसं भरून आता ट्रकमध्ये सामान टाकत होता. मी हात पुढं केला, म्हटलं, काडतुसं परत दे, गोळ्या मोजलेल्या नाहीत.

तो हसला. "बायकोनं पाठवलं ना?"

मी हो म्हणालो, आणि काडतुसांचा डबा घेऊन उतरलो.