घोडीचा विमा आणि दादाचा मोडलेला हात

माझा थोरला भाऊ जन्मभर कोळवणच्या खोऱ्यात भात पिकवत आला आणि साठीला टेकल्यावर त्याला घोड्यांची हौस जडली. आजूबाजूच्या शेतांत पुणेकरांची फार्महाऊस उठली होती, सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलं कंटाळून हिंडत. दादाने आधी एक तांबडी घोडी आणली, मग दोन घोडे. खळ्यापलीकडच्या पडीक तुकड्याला कुंपण घातलं आणि फाटकावर पाटी लावली, 'अश्वारोहण केंद्र'. तो शब्द त्याला अजून एका दमात म्हणता येत नाही.

मी पुण्यात विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. त्यामुळे हिंजवडीकडच्या एका शाळेने 'दर शनिवारी मुलं पाठवू, पण आधी विम्याचा कागद दाखवा' असं कळवलं, तेव्हा दादाचा फोन मलाच आला. घोड्यावर बसणाऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळेल, असा विमा हवा होता. मी फॉर्म घेऊन गेले आणि ओसरीवर बसून एकेक प्रश्न वाचू लागले. घोडीचं वय, रंग, काही खोड आहे का? खोड म्हटल्यावर दादाचं तोंड असं झालं, जणू मी सोयरिकीत पोरीबद्दल वाकडं विचारलं.

"तिला कसली खोड न्हाई. ल्ही तसं."

"बरं. गेल्या तीन वर्षांत इथे कोणी घोड्यावरून पडलंय?"

"न्हाई."

चहा घेऊन आलेली वहिनी उंबऱ्यातच थांबली. "आन् तुमचा हात?"

दादाचा डावा हात दोन वर्षांपूर्वी मोडला होता. पावसात बांधावरून घसरलो, असं त्याने अख्ख्या गावाला सांगितलं होतं आणि मलाही.

"बांधावरनं पडलो मी," दादा म्हणाला.

"व्हय तर! बांधाला रिकीब असती, तिच्यात पाय अडकतो, मंग घोट्याला वळ उठतो," वहिनी म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

मी इतकी हसले की चहा फॉर्मवर सांडला. लोकांना घोड्यावर बसायला शिकवणारा माझा भाऊ स्वतःच खाली आला होता आणि दोन वर्षं बिचाऱ्या बांधाला बदनाम करत होता! गावात अब्रू जाईल म्हणून लपवलंय, हे मी लगेच ठरवून टाकलं आणि त्याला यथेच्छ पिडलं. पण दादा हसेना.

"ल्हिलंस तर घोडी जाईल," तो म्हणाला.

त्यात तथ्य होतं. माणूस पाडलेलं जनावर विम्यात घ्यायला कंपन्या कां-कूं करतात. विम्याशिवाय घोडी शाळेच्या मुलांना देता आली नसती, आणि कामाविना तिला ठेवणं दादाला झेपणारं नव्हतं. म्हणजे ती वरातीवाल्यांना विकायची आणि बँडच्या ढणढणाटात उभी करायची. पण दुसरी बाजूही मला सांगणं भाग होतं. आज लपवलं आणि उद्या एखादं मूल पडलं, तर जुनी गोष्ट उकरून निघेल आणि कंपनी हात वर करेल.

"मंग त्या लेकराला?"

"काहीच मिळणार नाही."

दादा उठून गेला आणि घोडीला खरारा करत बसला. मी तो रकाना कोरा ठेवला.

आठवड्याने कंपनीचा माणूस जागा तपासायला आला. त्या दिवशी मीही गेले होते. साहेब येणार म्हटल्यावर गावातले चार रिकामे लोक कुंपणापाशी येऊन बसले होतेच. साहेबांनी खोगीर ओढून पाहिलं, हेल्मेट मोजली आणि त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे काय लिहायचं?"

दादाने एकदा घोडीकडे पाहिलं. "एक मानूस पडला. मी."

कुंपणापाशी हशा पिकला. साहेबांनी विचारलं, "कुठल्या घोड्यावरून?"

"हिच्यावरनं. पर तिची चूक न्हाई, साहेब. माझ्या पायात चपला, डोक्यावर काय न्हाई, एका हातात फोन, व्हिडिओ कॉल चाललेला. लगाम सोडून दाखवत हुतो. पडलो तवा पाय रिकिबीत अडकलेला. मी खाली लोंबतोय आन् ही तशीच हुबी. माशी बसली तरी हलली न्हाई. चार पावलं पळाली असती, तर आज मी हितं नसतो."

आता कोणी हसत नव्हतं. साहेबांनी बराच वेळ लिहिलं, मग वाचून दाखवलं: चूक स्वाराची, जनावर शांत. "बूट आणि हेल्मेट घातल्याशिवाय कोणाला बसवायचं नाही, आणि घोड्यावर फोन बंद. एवढं पाळा, घोडी विम्यात राहील," ते म्हणाले आणि गेले.

मी मात्र जागची हलले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्या पावसाळ्यात दादाने घोडीवर बसून मला व्हिडिओ कॉल केला होता, ऐट दाखवायला. "लगाम धरून कोणीही बसेल. सोडून दाखव की," मी म्हणाले होते. मग फोन बंद पडला. खोऱ्यात रेंज अशीच जाते, म्हणून मी भाजी चिरायला घेतली होती.

"दादा, फोनवर मी होते ना?"

"व्हय."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?" मला रडू येत होतं, आणि त्याचा रागही येत होता.

दादा घोडीची दोरी सोडू लागला. "बोललो असतो, तर तू मला परत कदी चिडवलं असतंस व्हय?"