हायब्रीडला चव नसते

भोईवाड्यातल्या त्या चाळीला दुपारचं घड्याळ बघायची गरजच नव्हती, कारण चाळीत आनंदा तांबे राहत होता. त्याची डिझेल पिकअप गल्लीच्या तोंडाशी आली, की आधी खिडक्यांची तावदानं थरथरायची, मग रस्त्याच्या मधोमध पसरलेला कुत्रा वैतागून बाजूला व्हायचा आणि पहिल्या मजल्यावर त्याची बायको कमल चहाचं आधण ठेवायची. अख्खी हयात गिरणीत घालवलेले शेजारचे अप्पा त्या गाडीला भोंगाच म्हणायचे. "गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा वाटलं, सुटलो बाबा," ते म्हणायचे, "तर ह्यानं चाकं लावून दुसरा आणला."

आनंदाला मात्र ह्या आवाजाचा केवढा अभिमान! पहाटे भायखळ्याच्या मंडईतून भाजी उचलायची, परळ-दादरच्या खानावळींना आणि ऑफिसांच्या कँटीनना पोचवायची आणि दुपारी गाडी दणाणत घरी यायचं. तो दार ओलांडतो तोवर कपात चहा तयार. शेजारच्या राधाबाई गॅलरीत बसून तांदूळ निवडताहेत, अप्पा भिंतीला टेकून डुलकी काढताहेत, मुलगी अपेक्षा लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये मान हलवतेय. सगळं कसं शिस्तीत! "आपल्या घरात फालतूपणा चालत नाही. पत्ते तर दारातसुद्धा नाहीत. वाळवी आहे वाळवी ती," असं तो मंडईत छाती फुगवून सांगायचा. आणि सांगायचा म्हणजे केवढ्यानं! जन्मभर इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस तो. त्यानं कुजबुज केली तरी तळमजल्यावर ऐकू जायची.

तर अशा ह्या सुखी माणसाच्या आयुष्यात नील आला. दादरचा पोरगा, इंजिनीअर. जुन्या गिरणीच्या जागेवर जो काचेचा टॉवर उभा राहिलाय, तिथं त्याचं ऑफिस, आणि त्याच टॉवरच्या कँटीनला आनंदा भाजी टाकायचा. एकदा नील गेटपाशी थांबला आणि कानांवर हात ठेवून म्हणाला, "काका, गाडीला हायब्रीड किट बसवू या का?"

"हायब्रीड?" आनंदा हसला. "अरे, मागे हौद्यात बघ. चार क्रेट हायब्रीडच आहे. दिसायला लालबुंद आणि खायला पाणी!"

मंडईत जन्म काढलेल्या माणसाला हायब्रीड म्हणजे टोमॅटोच आठवणार, त्यात त्याची काय चूक? नीलनं बिचाऱ्यानं नीट समजावलं. इंजिन तसंच राहणार, जोडीला एक विजेची मोटार आणि बॅटरी. गाडी हळू चालत असेल तेव्हा नुसती मोटार, इंजिन गप्प. ब्रेक मारला की त्यातूनच बॅटरी थोडी भरणार. जोर लागला की इंजिन आपोआप मदतीला येणार. त्याच्या कंपनीला जुन्या पिकअपवर हे किट तपासून बघायचं होतं. आठवडाभर वापरा, पटलं तर ठेवा, नाही तर काढून नेतो, म्हणाला.

"आणि खोटं नाही बोलत काका," नील म्हणाला, "तुम्ही रोज माल भरून घाट चढत असतात, तर मीच म्हटलं असतं, राहू द्या. तिथं बॅटरीचं ओझं फुकट वाहाल. दोनेक गोणी माल कमी बसेल तो वेगळाच. पण लालबागहून परळला येताना तुमची गाडी चालते किती आणि उभी असते किती?"

हे मात्र आनंदाला लागलं. भारतमाता थिएटरच्या सिग्नलला उभ्या गाडीत डिझेल जाळत त्यानं अर्धं तारुण्य घालवलं होतं. तरी तो म्हणाला, "घरी विचारतो." विचारायचं म्हणजे काय, सांगायचं. आनंदा घरी कधी कुणाला विचारत नसे.

संध्याकाळी गॅलरीत त्यानं विषय काढला. "गल्लीत गाडी येईल ना, तर कुत्र्यालासुद्धा पत्ता लागणार नाही! अजिबात आवाज नाही."

त्याला वाटलं होतं, कमल हरखेल. त्या आवाजानं कान किटले म्हणून तिनं आजवर कमी का कटकट केली होती? पण कमलच्या हातातली चमचा-वाटी तशीच राहिली. तिनं राधाबाईंकडे पाहिलं, राधाबाईंनी अप्पांकडे पाहिलं, आणि अप्पांनी उगाच खोकून घेतलं.

"हायब्रीड?" कमल म्हणाली. "नको गो बाय! टोमॅटो हायब्रीड झाले, त्यांची चव गेली. कोंबडी बॉयलर झाली, तिची चव गेली. आता गाडी पण? हायब्रीडला चव नसते. मी सांगून ठेवते."

"गाडी काय चाटायचीय?" आनंदा म्हणाला.

"चाटायची नसली तरी पाण्यातून न्यायचीय ना?" अप्पा सरसावून बसले. "पावसाळ्यात हिंदमाताला कमरेएवढं पाणी. तुझी बॅटरी बुडाली म्हणजे? चटका बसून तिथंच आडवा होशील, आनंदा."

"रिसेल व्हॅल्यू पण जाते, बाबा," अपेक्षा मोबाईलमध्ये बघत म्हणाली. "बॅटरी संपली की नवी टाकावी लागते. वॉरंटीत बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं, माहितीए?"

मग राधाबाई बोलल्या. एस.टी.पलीकडे कुठल्या गाडीत फारशा न बसलेल्या राधाबाई. "भावोजी, बाकी सगळं ठीक," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पण घाटात टॉर्क मिळणार नाही."

आनंदा थक्कच झाला. "राधाबाई, टॉर्क म्हणजे काय?"

"ते मला विचारू नका. पण मिळणार नाही."

आनंदाला भरून आलं. अहो, खरंच डोळ्यांत पाणी आलं त्याच्या! आपल्या गाडीची, आपल्या जिवाची चाळीला एवढी काळजी! पण आनंदाचा स्वभाव म्हणजे असा, की चार माणसं उजवीकडे चला म्हणाली की ह्याचा इंडिकेटर डावीकडे लागलाच. रात्रभर तो कुशीवर वळत राहिला आणि सकाळी त्यानं नीलला फोन केला. "बसव तुझं हायब्रीड. चाळ नको म्हणतेय, म्हणजे त्यात काहीतरी असणार."

किट बसलं. दुसऱ्या दिवशी दादरच्या एका खानावळीनं भाजी नको म्हणून कळवलं होतं, म्हणून आनंदा नेहमीपेक्षा लवकर परतला. गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू झाली, इंजिन बंद पडलं आणि गाडी नुसती सरकत राहिली. आनंदाला आधी वाटलं, मेली. मग लक्षात आलं, हेच ते! कुत्रा जागचा हलेना. आनंदाला खाली उतरून त्याला बखोट धरून बाजूला करावं लागलं, तेव्हा कुत्र्यानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की असं न सांगता येतात का कुणी? गाडी लावून आनंदा जिन्याशी आला आणि थांबला.

वर हसणं चाललं होतं. साधंसुधं नव्हे. पोट धरून, मांडीवर थापा मारून चाललेलं हसणं.

तो चपला हातात घेऊन वर चढला आणि वळणावरून डोकावला. गॅलरीत चटईवर पत्ते पसरून मेंढीकोटचा डाव रंगात आला होता. अपेक्षाचा लॅपटॉप बंद, त्यावर पानं रचलेली. तांदूळ निवडायचं सूप पालथं, त्याचं टेबल केलेलं. अप्पा, जे म्हणे दुपारी झोपल्याशिवाय उभे राहू शकत नाहीत, ते गुडघ्यावर उभे राहून ओरडत होते, "दश्शी टाक! मेंढी आली, मेंढी आली!"

आणि कमल. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, आवाज खर्जात नेऊन ती म्हणत होती, "कमल! चहात आलं घातलंस, की आल्यात चहा? भारतमाताच्या सिग्नलला आज काय झालं, माहितीए..."

"...एक बसवाला, एक टॅक्सीवाला, आणि मधे मी!" बाकीच्या तिघांनी एका सुरात वाक्य पुरं केलं. राधाबाई तर हसता हसता चटईवरच लवंडल्या.

नक्कल इतकी बेमालूम होती की आनंदाही हसायच्या बेतात होता. पण मग कमल हसली. मान मागे टाकून, खळखळून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि आनंदाच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच राहिलं. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला घेऊन तो राणीच्या बागेत गेला होता, तिथं एका माकडानं त्याची टोपी पळवली, तेव्हा ती अशी हसली होती. त्यानंतर हे हसू गेलं कुठे, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. ते कुठे गेलंच नव्हतं. ते इथंच होतं, रोज दुपारी, त्याची गाडी येईपर्यंत.

आनंदाला वाईट वाटलं. खरंच, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की गाडीचा आवाज ऐकून घर आपली वाट बघतं. घर सावध होत होतं. चाळीला टॉर्कची काळजी का पडली होती, हेही आता त्याच्या डोक्यात शिरलं.

वर जाऊन डाव उधळावा, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण तो तसाच खाली उतरला. गाडी गुपचूप मागे घेत कोपऱ्यापर्यंत नेली, नीलनं दाखवलेलं बटण दाबून इंजिन सुरू केलं आणि नेहमीसारखा दणाणत गल्लीत शिरला. कुत्रा समाधानानं भुंकला.

वर गेला तर काय, जिथली वस्तू तिथं! सूप सुलटं, त्यात तांदूळ. अप्पा घोरताहेत. अपेक्षा कुणाला तरी "येस, येस" म्हणतेय. कपात चहा. आनंदानं पहिल्यांदाच बघितलं, की कमलला किंचित धाप लागलेली असते.

तो बसला. चहाचा घोट घेतला. "भारतमाताच्या..." एवढं त्याच्या तोंडातून गेलं आणि तो थांबला.

सगळे वाट बघत राहिले. आनंदा काही बोलेना. घोट, पुन्हा घोट. अप्पांचं घोरणंसुद्धा बुचकळ्यात पडलं. शेवटी कमल घाबरली आणि तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "अहो, बरं वाटत नाही का? ताप आहे का बघू?"

"अप्पा," आनंदा म्हणाला, "मांडीखालची मेंढी काढा. चिरडतेय बिचारी."

अप्पांच्या मांडीखालून बदामाची दश्शी अर्धी बाहेर डोकावत होती. राधाबाईंच्या हातातले तांदूळ सुपाबाहेर सांडले.

"मघाशीच येऊन गेलो मी," आनंदा म्हणाला. "हायब्रीडवर. माझी नक्कल झाली, तोवर होतो."

आता आकाश फाटणार म्हणून अपेक्षानं लॅपटॉप पोटाशी धरला. कमल खाली बघत राहिली. पण आनंदाचा आवाज चढलाच नाही. उलट इतका खाली आला, की त्याचा त्यालाच ओळखू येईना. "कमल," तो म्हणाला, "मी घरात असताना तू अशी का गं हसत नाहीस?"

कमलनं मान वर केली. आधी ती नुसतं "काहीतरीच तुमचं" म्हणणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"हसायला जागा कुठं ठेवता तुम्ही?" ती म्हणाली. "गाडी खाली बंद करता, पण तोंडाचं इंजिन चालूच ठेवून वर येता. बस, टॅक्सी, सिग्नल, मंडई. मी मधे हसले असते, तर तुम्हांला ऐकू आलं असतं?"

आनंदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यानं ते मिटलं, कप बाजूला ठेवला आणि चटईच्या कडेला सरकून बसला.

"वाटा," तो म्हणाला.

"वाळवी आहे ना ती?" राधाबाईंनी संधी सोडली नाही.

"वाटा हो, राधाबाई. टॉर्क मिळतोय तेवढ्यात वाटा."

अपेक्षानं आपली जागा त्याला दिली आणि ती मागे बसून बापाला पानं सांगू लागली. काही उपयोग झाला नाही. आनंदानं आपल्याच भिडूच्या हातावर हुकूम मारला, भलत्याच वेळी दश्शी सोडली, आणि कमल-अप्पांनी चारही मेंढ्या ओढून त्याच्यावर कोट चढवला. "कोट! कोट!" करत अप्पा गॅलरीभर नाचले. आनंदाच्या ओठांवर दहा सबबी आल्या, त्यानं सगळ्या गिळल्या. त्यामुळेच त्याला शेजारचं हसू ऐकू आलं. मान मागे टाकून हसलेलं, राणीच्या बागेतलं.

आठवडा संपला तेव्हा नील चाळीत आला. गॅलरीत उभ्या उभ्या त्यानं विचारलं, "मग काका, काय ठरलं? पिकअपला हायब्रीड परवडतं का?"

"परवडतं," आनंदा म्हणाला. "गावी जाताना घाटात थोडी कुरकुरेल, ते चालेल. लागेल तेव्हाच इंजिन, बाकी वेळ गप्प. माणसालाही बसवून मिळतं का रे? इथं एकावर ट्रायल चालू आहे."

"कोपऱ्यावर एक हॉर्न तेवढा देत जा," अप्पा भिंतीशी पुटपुटले. "सवयीचं आहे आम्हांला."

आणि आतून, चहाचं आधण ठेवता ठेवता, कमल ओरडली, "नुसती ट्रायलच आहे हां, नील! वॉरंटी मी अजून दिलेली नाही!"

आनंदाच्या जिभेवर ह्याला चांगलं खणखणीत उत्तर आलं होतं. पण आत ती हसत होती, म्हणून तो गप्प राहिला.