धाकट्याच्या नावाचे दिवस

आमच्या पोस्टात रजा मागायची भलतीच रीत होती. रजेवर जाणाऱ्यानंच आपल्या जागी बदलीचा माणूस उभा करायचा. आधी बदली शोधा, मग खुशाल आजारी पडा! मी मूळचा पाचोडचा. पेरणी-काढणीला गावी जावंच लागे, आणि दर वेळी माझी छावणी भागातली टपाल वाटायची बीट सांभाळायला एकच माणूस येई. उर्दूतले पत्ते तो घडाघडा वाचायचा. ‘मशिदीमागं, लिंबाच्या झाडाजवळ’ एवढ्यावर बरोबर दार गाठायचा. मला, कायम नोकरीवाल्याला, ते पाच वर्षांतही जमलं नव्हतं.

पण एकच नाव फार दिवस लागलं तर तो माणूस उद्या नोकरीवर हक्क सांगेल, अशी वरच्या साहेबांना धास्ती. म्हणून ठराविक दिवस भरत आले की त्याला घरी बसवत. त्याची चूल बंद, आमच्या रजा नामंजूर. मग आम्ही डोकं चालवलं. दिवस भरत आले की रजिस्टरात त्याच्या धाकट्या भावाचं नाव लावायचं. काम थोरलाच करी. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा धाकटा शनिवारी येऊन आठवड्याच्या सह्या ठोकून जाई. साहेब कानाडोळा करत. नावं मीच लिहायचो. माझं अक्षर चांगलं, असं सगळे म्हणत, आणि मी मूर्खासारखा खूश होई.

त्यात मी युनियनचा शाखा सेक्रेटरी. बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणी आम्ही लावून धरली. किती निवेदनं, किती काळ्या फिती! साखळी उपोषणात अध्यक्ष दुपारी घरी जेवून येऊन घोषणा द्यायचे. सभेत भाषणं इतकी लांबत, की ज्यांच्यासाठी ती चालली होती ते बिचारे टपाल वाटायला निघून जात. थोरला मात्र संध्याकाळी येऊन विचारायचा, "दादा, मेरी उमर निकलने के पहले होता ना?" कायम नोकरीसाठीची वयाची अट जवळ येत चालली होती. मी छातीठोकपणे सांगायचो, "होणार. पहिलं नाव तुमचंच."

तीन वर्षांनी हुकूम आला. रजिस्टरात ज्यांचे दिवस भरलेत, त्यांना कायम करायचं. पेढे वाटले, मला हार घातला. तो गळ्यात असतानाच मी यादी करायला रजिस्टर उघडलं. थोरल्याचे दिवस कमी पडत होते, धाकट्याचे पुरत होते. सुगीच्या सगळ्या लांब रजा, बहुतेक माझ्याच, मी धाकट्याच्या नावावर चढवल्या होत्या.

मी अध्यक्षांकडे धावलो. खरं काय ते लिहून देऊ, म्हणालो. ते खेकसले, "गप बस. खोटं कुनी लिवलं म्हणून इचारलं तर काय सांगशील? तुझी नोकरी जाईल, आन हुकूमबी माघारी जाईल. लई मुश्किलीनं आलाय." मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण मी खरंच गप्प बसलो.

धाकटा नको म्हणत होता. थोरल्यानंच त्याला दटावलं, "घर में तो आती ना नौकरी. चुपचाप ले." पंधरा दिवस तो नव्या खाकीतल्या भावाला गल्लोगल्ली फिरवून दारं दाखवत होता. त्याच्या स्वतःच्या अंगावर साधा शर्ट. लोक पत्र मागायला त्याच्याकडंच हात पुढं करत, आणि तो भावाकडं बोट दाखवी. ते बघून मला तोंड लपवावंसं वाटे.

पेरणीला मी पुन्हा रजा टाकली. बदलीच्या रकान्यात या वेळी त्याचंच नाव लिहिलं, सावकाश, स्पष्ट अक्षरात. घोळ नको म्हणून तारखा दोनदा तपासल्या आणि अर्ज त्याच्यापुढं धरला. त्याच्या वयाची अट मागच्याच महिन्यात उलटून गेली होती. त्यानं नाव वाचलं आणि टपालाची पिशवी खांद्याला अडकवली.

"अब किसका बी लिखो, दादा," तो म्हणाला. "जाव, पाचोड की गाडी निकल जाती तुम्हारी."